मिल्ट्रीची रायफल आणि आपला मका

मागच्या खरिपात दिंडोरी आणि पेठच्या शिवेवरच्या एका गावात ग्रामसभेला गेलो होतो. विषय पीक विम्याचा होता. मारुतीच्या पारावर पन्नास-साठ माणसं जमली होती. मी कागद काढून बोलायला उभा राहतो तोच मागून एक बाबा म्हणाले, "साहेब, विम्याचं राहू द्या. आधी डुकरांचं काय ते बोला."

त्या आठवड्यात गावच्या ओढ्याकाठचा मका डुकरांनी आडवा केला होता. कणीस दुधात आलं की रानडुकराला वास लागतो. कळप एका रात्रीत आत शिरतो, खातो थोडं आणि मोडतो जास्त. सकाळी शेतकरी बांधावर येतो तेव्हा वावरात जनावरं लोळून गेल्यासारखं दिसतं. भुईमूग असेल तर वेल उपटलेले, नागलीचं खाचर असेल तर तुडवलेलं.

बोलता बोलता पोलिसातून निवृत्त झालेले एक हवालदार उभे राहिले. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात. ते म्हणाले, "साहेब, तीस वर्षं थ्री नॉट थ्री खांद्यावर वागवली. एक गोळी अन् डुक्कर जागेवर. आता त्या रायफली सरकारनं मोडीत काढल्या. मिल्ट्रीत पडून, पोलिसात पडून. भंगारात घालण्यापेक्षा गावाला दोन द्या म्हणावं. आम्ही डुकरांचा बंदोबस्त करतो."

सभेत हशा पिकला, टाळ्याही पडल्या. पण पुढच्या महिनाभरात हाच प्रश्न मला आणखी तीन गावांत विचारला गेला. म्हणून त्याचं उत्तर इथं सविस्तर देतो. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याचं वर्षाचं पीक गेलं तो माणूस बंदुकीचा विचार करणारच.

ही रायफल आली कुठून?

‘थ्री नॉट थ्री’ म्हणजे ली-एनफिल्ड जातीची रायफल. नळीचं भोक .३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर. इंग्रजांच्या फौजेत ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. पहिल्या महायुद्धाआधीच बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती बनू लागली. दोन्ही महायुद्धं आपल्या मराठी शिपायांनी याच रायफलीवर काढली. पुढे लष्कराने नव्या रायफली घेतल्या आणि ही पोलिसांकडे आली. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला निरोप दिला. कॉलेजात एन.सी.सी. केलेल्या पोरांनी तिच्यावर कवायत केलेली आहे. त्यामुळे ही रायफल खेड्यापाड्यात सगळ्यांच्या ओळखीची आहे, आणि ‘जुनी झाली, आता मिळेल’ असं वाटणं साहजिक आहे.

बाहेरच्या देशांत तसं झालंही. दुसरं महायुद्ध संपल्यावर लाखो लष्करी रायफली मोडीत निघाल्या. अमेरिकेत, कॅनडात त्या स्वस्तात विकल्या गेल्या. तिथल्या शेतकऱ्यांनी त्यांचं लाकूड तासून हलकं केलं आणि हरणाच्या शिकारीला वापरल्या. आपल्या ईशापूरला १९६० च्या दशकात बनलेल्या ७.६२ च्या रायफलीसुद्धा पुढे अमेरिकेत जुन्या मालात विकल्या गेल्या.

पण त्याची दुसरी बाजूही आहे. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला तो इटलीच्या लष्करातल्या अशाच जुन्या रायफलीने. खुन्याने ती दुर्बिणीसकट साधारण वीस डॉलरला टपालाने मागवली होती. त्यानंतर १९६८ मध्ये अमेरिकेने टपालाने बंदुका विकणं बंद केलं आणि लष्करी जुन्या मालाच्या आयातीवरही बंधनं घातली.

आपल्याकडे का मिळत नाही?

आपल्याकडे ही बंदी आजची नाही. १८५७ नंतर इंग्रजांना लोकांच्या हातातल्या हत्याराची धास्ती बसली. १८७८ साली त्यांनी शस्त्र कायदा केला आणि परवाना सक्तीचा झाला. लष्कराचं काडतूस ज्या बंदुकीत बसेल ती बंदूक खाजगी माणसाला द्यायची नाही, हे धोरणही त्याच काळातलं. कारण सरळ आहे. बंदूक एकदा मिळवता येते, पण काडतूस पुन्हा पुन्हा लागतं. काडतूसच बसणार नसेल तर लष्कराच्या कोठारातून चोरलेला माल बाहेर कुणाच्या कामाचा नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १९६२ साली त्याचे नियम आले. त्यात .३०३ आणि ७.६२ बोअरच्या रायफली, तसंच लष्कराचं हे काडतूस ज्यात बसतं ती कोणतीही रायफल, निषिद्ध वर्गात घातली. पूर्वी पहारेकऱ्यांकडे असायची ती .४१० ची मस्कटही त्याच यादीत आहे. अशा हत्याराचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. तो अधिकार फक्त केंद्र सरकारचा, आणि डुकरांचा त्रास हे काही त्याचं कारण होत नाही.

बाजारात परवान्यावर जी .३१५ ची रायफल मिळते, ती याच कारणामुळे जन्माला आली. घडण ली-एनफिल्डचीच, पण नळीचं भोक ८ मिलिमीटर, म्हणजे लष्करी काडतूस तिला चालत नाही.

शिक्षा किती, तेही लक्षात ठेवावं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निषिद्ध हत्यार जवळ बाळगल्यास कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त चौदा वर्षं कैद आहे. साधी बंदूक विनापरवाना सापडली तरी कमीत कमी दोन वर्षं. गावठी कट्टा घेऊन ‘मी फक्त डुकरांसाठी आणला’ असं सांगून कोणी सुटत नाही. पाच-दहा हजारांच्या मक्यासाठी घरातला कर्ता माणूस दोन वर्षं आत बसला, तर शेती कोणी करायची?

कायदा बाजूला ठेवला तरी

नानांना मी म्हटलं, "नाना, घटकाभर समजा परवानगी मिळाली. तुम्ही रात्री मक्याच्या कडेला बसलात, डुक्कर आलं, तुम्ही बार काढला. गोळी कुठे थांबेल?"

नाना गप्प झाले. त्यांना ठाऊक होतं.

.३०३ ची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने निघते. मध्ये काही आडवं आलं नाही तर ती तीन किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर, कुठेही पाहा. लोक एका गावठाणात राहत नाहीत, मळ्यामळ्यात राहतात. दर दोन-चारशे मीटरवर वस्ती, द्राक्षबागेत मजुरांच्या झोपड्या, रस्त्याने मोटारसायकली. त्यात ज्या फिडरवर रात्रीची वीज असते, तिथे रात्री दोन वाजता माणूस पाणी भरायला मक्यातून फिरत असतो. अंधारात हललेलं कणीस डुकराने हलवलं की शेजारच्या भाऊने, हे बॅटरीच्या उजेडात ओळखू येत नाही. रणांगणासाठी केलेलं हत्यार मळ्यात चालवलं तर पहिला धोका आपल्याच माणसाला.

दुसरी गोष्ट शिकारीचीच. लष्करी गोळीला बाहेरून धातूचं टणक कवच असतं. अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी युद्धात वापरायची नाही, असं १८९९ च्या हेग परिषदेत ठरलं. त्यामुळे लष्करी गोळी बहुधा आरपार निघून जाते. शिकाऱ्याला नेमकं उलटं हवं असतं. गोळीने आत फुलून जनावर जागेवर पाडावं. म्हणून पुष्कळ देशांत लष्करी रायफल शिकारीला चालते, पण तिची कवचाची गोळी चालत नाही. आरपार गोळी लागलेलं डुक्कर जखमी होऊन उसात शिरतं. सकाळी त्या उसाला बारं द्यायला बाईमाणूस जातं. जखमी डुक्कर काय करतं ते आपल्याकडच्या जुन्या माणसांना विचारा.

तिसरी गोष्ट जुन्या मालाची. साठ-सत्तर वर्षांच्या रायफलीचा खटका आणि काडतुसाची बैठक झिजलेली असते. जुनी काडतुसं दमट होतात. चाप ओढल्यावर बार लगेच होत नाही, माणूस नळी खाली करतो आणि मग उडतो. अशा अपघातात बोटं जातात, डोळे जातात.

हे सगळं ऐकून नाना म्हणाले, "खरंय साहेब. आम्हाला चांदमारीला सुद्धा मागं डोंगर बघूनच उभं करायचे."

मग शेतकऱ्याला हक्काचं काय आहे?

शेतकरी बांधवांनो, कायद्याने शेतकऱ्याला अगदी रिकाम्या हाताने उभं केलेलं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. मूळ तरतूद ठासणीच्या बंदुकीची आहे. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे, केप बसवायची आणि बार काढायचा. ठासणीच्या बंदुकीने काम भागणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, देता येते. तिचे छर्रे तीस-पस्तीस मीटरपर्यंत कामाचे, पुढे त्यांचा जोर ओसरतो. मळ्यातल्या वस्तीच्या दृष्टीने हीच तिची जमेची बाजू. तिचीही काडतुसं बाहेरून आणावी लागत नाहीत. आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसं शिकाऱ्यांच्या जुन्या ओळखीची आहेत. कोकणात, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गात, शेती संरक्षणाच्या बंदुका गावोगाव आहेत. आपल्या जिल्ह्यात लोक हा अर्ज फारसा करत नाहीत, असा माझा अनुभव.

ग्रामीण भागासाठी अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. सातबारा, पिकाखालचं क्षेत्र, राहण्याचा पुरावा, वैद्यकीय दाखला, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. पोलिसांचा अहवाल जातो. नुकसानीचे जुने पंचनामे असतील तर तेही जोडावेत. अर्जाला बळ येतं.

पण इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. बार काढून कळप हुसकावणं वेगळं आणि जनावर मारणं वेगळं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार पूर्ण बंद झाली. जनावर मारायचं तर कलम ११ खाली वन खात्याची लेखी परवानगी हवी. उभ्या पिकाचं नुकसान हे त्यासाठी कायद्यात मान्य केलेलं कारण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे त्यांच्याबाबत अशी परवानगी देता येते. आपल्या राज्य शासनाने २०१५ मध्ये त्यासाठी खास आदेश काढला आणि अधिकार खालच्या वन अधिकाऱ्यांपर्यंत आणले. चालू अटी वनक्षेत्रपाल कार्यालयात वाचून घ्याव्यात आणि अर्जाची पोच न विसरता घ्यावी.

परवानगीने मारलेलं डुक्कर सरकारची मालमत्ता असते. त्याची वाटणी करायची नाही, वन खात्याला कळवून ताब्यात द्यायचं. या एका कारणाने पुष्कळ लोक अडचणीत येतात.

बिबट्या, काळवीट, मोर ही पहिल्या अनुसूचीतली जनावरं. येवल्याकडे ममदापूरच्या शिवारात काळविटांचा त्रास आहे, निफाडच्या उसात बिबट्या आहे, हे मी जाणतो. पण यांच्यावर बंदूक उचलायची नाही. तीन ते सात वर्षं कैद आहे. बिबट्या दिसला तर वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. जिवावर बेतलं आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना जनावर मेलं, तर मात्र कायदा त्याला गुन्हा मानत नाही.

तार आणि गावठी बॉम्ब नको

रायफल मिळत नाही म्हणून काही जण मक्याभोवती तार ओढून तिला घरगुती वीज सोडतात. काही जण कणकेत गावठी बॉम्ब ठेवतात. हात जोडून सांगतो, हे करू नका. त्या तारेला डुक्कर ओळखता येत नाही आणि माणूसही. पाणी भरायला आलेला शेजारी, गुरं वळणारं पोर, शेतात आलेली आपली बायको, यांचे जीव त्यात गेल्याच्या बातम्या याच पेपरात आपण वाचतो. मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो आणि एका रात्रीत दोन घरं बसतात.

सौर कुंपण वेगळं. त्यात क्षणभराचा झटका बसतो, जनावर मागे फिरतं, जीव जात नाही. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदान देण्याची सोय झालेली आहे. आपलं गाव त्यात बसतं का ते वनपालांकडे विचारावं. यंत्र मात्र मान्यताप्राप्त घ्यावं, घरच्या घरी जोडाजोड करू नये. मक्याभोवती एरंडीच्या आणि भुईमुगाभोवती करडईच्या तीन-चार दाट ओळी लावून पाहाव्यात. आणि आठ-दहा शेजाऱ्यांनी पाळी लावून राखण करावी. एका शेतातून हाकललेला कळप दुसऱ्या शेतात जातो. सगळे जागे असले तर तो शिवार सोडतो.

गावकारभाऱ्यांसाठी दोन शब्द

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलिस पाटील आणि आम्ही शेतीखात्याची माणसं, हा भाग आपल्यासाठी. आधी माझी स्वतःची चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने मक्याच्या नुकसानीचं तोंडी सांगितलं. मी म्हटलं, येतो उद्या-परवा. बैठका निघाल्या आणि मी गेलो नवव्या दिवशी. तोवर त्याने मोडलेला मका कापून गुरांना घातला होता आणि रान नांगरलं होतं. पंचनामा कशाचा करणार? बांधावर उभा राहून तो एवढंच म्हणाला, "साहेब, डुकरं तुमच्यापेक्षा वेळेवर आली." त्याला भरपाई मिळाली नाही, आणि ती माझ्यामुळे मिळाली नाही. त्यानंतर नुकसानीचा निरोप आला की मी त्याच दिवशी लेखी अर्ज घेतो आणि फोटो काढायला लावतो.

भरपाईसाठी नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वन खात्याकडे अर्ज जायला हवा. शेतकऱ्याला हे माहीत नसतं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ते कायम लिहून ठेवावं. पंचनामा होईपर्यंत मोडलेलं पीक हलवू नये, हेही लिहावं.

दुसरं, गावात पिढीजात बंदुका आहेत. आजोबा वारले, परवाना त्यांच्या नावावर, बंदूक माळ्यावर. वारसाला वाटतं ती आपलीच आहे. तसं नाही. ती लगेच पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा असतो. पोलिस पाटलांनी अशा घरी स्वतः जाऊन सांगावं. त्याने पुढचा गुन्हा वाचतो.

तिसरं, निवडणुका. आचारसंहिता लागली की बंदुका जमा करायचा आदेश येतो. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली. म्हणजे ऐन मका काढणीच्या दिवसांत आचारसंहिता होती. कोणाची बंदूक जमा करायची हे छाननी समिती ठरवते. पीक संरक्षणाच्या परवानाधारकाने वेळेत अर्ज केला आणि त्याला ग्रामपंचायतीच्या ठरावाची जोड मिळाली, तर त्याचं म्हणणं समितीपुढे निदान पोचेल.

केरळ सरकारने २०२२ मध्ये पिकाची नासधूस करणारी रानडुकरं परवानाधारक नेमबाजांकडून मारून घेण्याचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिले. आपल्याकडे तसं व्हावं की नाही यावर ग्रामसभांनी बोलावं, ठराव करून वर पाठवावेत. पण तोवर हातात जे आहे ते तरी वेळेवर वापरू या.

त्या ग्रामसभेत शेवटी एक काम झालं. नानांनी स्वतःहून सांगितलं, "साहेब, रायफल राहू द्या. अर्ज मी लिहून देत जाईन. पोलिसात तीस वर्षं लिहिण्याचंच काम केलं." मागच्या हंगामात त्या गावातून नुकसानीचे अकरा अर्ज गेले आणि अकराही तीन दिवसांच्या आत गेले. पैसे सगळ्यांचे आले असं नाही. पण एकाही अर्जावर ‘मुदतीनंतर’ असा शेरा पडला नाही, आणि मक्याभोवती वीज सोडलेली तार मला तिथे दिसली नाही.

यंदाचा मका गुडघाभर झाला आहे. कणीस दुधात यायला अजून अवकाश आहे. ज्यांना सौर कुंपणाचा किंवा परवान्याचा अर्ज करायचा आहे त्यांनी तो आत्ताच करावा, डुकरं शेतात शिरल्यावर नव्हे. अडचण वाटली तर पंचायत समितीत कृषी विभागात यावं. कागद लिहायला आम्ही आहोत.